नागपुरात पैसे गुंतवायचेत: लहान फ्लॅट, दीड हजार फुटांचा प्लॉट की एकरभर शेत?

हाताशी चाळीस-पंचेचाळीस लाख आहेत असं कळलं की एक दलाल बेसा-मनीषनगरला नेतो, दुसरा जामठ्याच्या पुढे, तिसरा उमरेड रोडला. "भाव चढणारच" हे तिघांचंही पालुपद. चढेलही. पण आपण विकायला काढू तेव्हा एवढ्या आकाराचं घेणारं गिऱ्हाईक किती, हा प्रश्न त्यांना विचारून बघा.

दरमहा भाडं हवं असेल तर लहान फ्लॅट. मिहानमधल्या (विमानतळालगतचं औद्योगिक क्षेत्र) कंपन्यांत किंवा एम्समध्ये नोकरीला आलेल्यांना वन किंवा टू बीएचके पुरतो. थ्री बीएचकेला पैसे दीडपट लागले तरी भाडं दीडपट मिळेलच असं नाही, आणि मेन्टेनन्स फुटावर असेल तर रिकाम्या महिन्यांतही तो मोठ्या घराचाच भरावा लागतो.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला आकाराचा आणखी एक हिशेब आहे. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र, 90 चौरस मीटरच्या (सुमारे 968 चौरस फूट) आत आणि एकूण किंमत 45 लाखांपर्यंत, या दोन्ही अटी बसल्या तर जीएसटी 1 टक्का, नाहीतर 5. म्हणजे 44 लाखांवर 44 हजार, आणि 46 लाखांवर थेट 2 लाख 30 हजार! पार्किंगचे पैसेही किमतीत धरतात, तेव्हा बिल्डरचं 'फक्त दीड लाख वेगळे' कानाआड करू नका. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतलेल्या फ्लॅटला जीएसटी नाही.

इमारतीचा आकारही बघा. जुना बंगला पाडून सहा-आठ फ्लॅट काढणारे शहरात बरेच. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचा किंवा आठपर्यंत फ्लॅटचा प्रकल्प महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे, नोंदवावा लागत नाही. असं घर वाईटच असतं असं नाही, फक्त कागद तुमच्या वकिलाला तपासावे लागतात.

भाडं नको, दहा वर्षं थांबायची तयारी आहे, तर 30 बाय 50 चा प्लॉट. माझं मत यालाच. नोकरदार, दुकानदार, निवृत्त शिक्षक, सगळ्यांच्या आवाक्यातला आकार, म्हणून विकताना अडत नाही. तीन हजार फुटांचा घेण्यापेक्षा शेजारशेजारचे दोन घ्या, गरज पडली तर एक विकता येतो. मात्र आरएल (रिलीज लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) नसलेल्या गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या, लेआउटमधला स्वस्त प्लॉट घेताना विकास शुल्क भरायचं राहिलंय का, ते आधी विचारा. रिकाम्या प्लॉटलाही कर लागतो, आणि शेजारच्या बांधकामाची गिट्टी हमखास तिथेच पडते.

एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. फुटाचा दर काढला की मोह होतोच. पण शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, घेतल्यावर गुंठा-गुंठा विकायला तुकडेबंदी (शेतजमिनीचे लहान तुकडे पाडायला मनाई करणारा कायदा) आडवी येते, आणि शेतात जायचा पांदण रस्ता कागदावर नसेल तर बांधावर भांडण ठरलेलं. शेती खरंच करायची असेल तरच इकडे वळा.

प्लॉट ठरला तर इसार देण्याआधी मोजणी करून घ्या. बाभळी माजलेल्या जुन्या लेआउटमध्ये कोपऱ्याचे दगडच सापडत नाहीत, आणि दलाल हात करून दाखवतो तो प्लॉट कधीकधी शेजाऱ्याचा निघतो.