टक् आवाजाचे चारशे रुपये

कापूस विकायला नेला की मी काट्यापासून हलत नाही. रिकामा काटा शून्यावर आला का, गाडीतून ड्रायव्हर खाली उतरला का, ओलाव्याच्या नावाखाली किती कापलं, सगळ्यावर डोळा. बापानं लहानपणीच शिकवलेलं. जिनिंगवरचे हमाल हसतात मला. तोच मी एका टायरच्या दुकानात उघड्या डोळ्यांनी फसलो, आणि फसलो तेही मोजमापाच्याच नावाखाली. चारशे रुपयांपेक्षा हे जास्त लागलं.

दसऱ्यानंतर आमच्या जुन्या वॅगन आरचे चारही टायर बदलले. दुकान जिल्ह्यातलंच, हायवेला लागून. नाव लिहीत नाही. काचेची केबिन, गेल्या गेल्या थंड पाण्याची बाटली, कॉम्प्युटरवर अलाइनमेंट. टायर बसवून झाले तसा एक पोरगा जवळ आला. "काका, नट टॉर्कनं टाईट करून देऊ का? सेफ्टीचं काम आहे. चाकामागं शंभर."

टॉर्क ही काय भानगड आहे हे मला थोडंफार माहीत होतं: नट पिळायचा जोर, न्यूटन मीटरमध्ये मोजतात. गाडीसोबतच्या पुस्तिकेत वाचलं होतं की चाकाचे नट ८५ न्यूटन मीटरला कसायचे. (तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, पुस्तिकेत पाहून घ्या.) म्हटलं, गावाकडं असं शास्त्रशुद्ध काम कोण करतं, होऊन जाऊ दे. हाव म्हटलं.

त्यानं काय केलं ते नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. गाडी लिफ्टवर असतानाच हवेच्या गननं सोळाही नट धर्र-धर्र करत आवळले. एकामागून एक, गोल फिरत, समोरासमोरचे नाही. मग गाडी खाली उतरवली, लाल पेटीतून लांब चकचकीत टॉर्क पाना, लावलेल्या आकड्याला टक् वाजणारा, काढला आणि प्रत्येक नटाला लावून टक्, टक्, टक्, टक्. सोळा नट, सोळा टक्, दोन मिनिटांत काम फत्ते. मला इतकं कौतुक वाटलं, की मी मोबाइलवर व्हिडिओ काढून साळ्याला पाठवला. हा व्हिडिओ लक्षात ठेवा. बिलावर लिहून मिळालं: "टॉर्क टाईट, ४ चाकं, ४००".

पुढं महिनाभरात ब्रेक दाबला की पायाला बारीक थरथर जाणवायला लागली. रस्ते आमच्याकडचे, दोष खड्ड्यांना दिला आणि विसरलो.

नोव्हेंबरात वेचणीचा पहिला झपाटा आटोपला आणि आईला घेऊन शेगावला निघालो. दारव्हा सोडलं, कारंजा मागं टाकलं, आणि मूर्तिजापूरच्या रस्त्यावर मागचं डावं चाक बसलं. पंक्चर. त्यात काय एवढं! जॅक काढला, स्टेपनी काढली, नटाला पाना लावला. नट जागचा हलेना. पान्यावर पाय दिला, मग उभाच राहिलो. पाना सटकला, गुडघा सोलला. एक ट्रकवाला थांबला, त्यानं चार फुटी पाईप दिला. पाईप पान्यात घालून दोघांनी जोर लावला. करकर आवाज झाला, आम्हाला वाटलं सुटला. फट्! नट हातात आला खरा, पण निम्मा स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा, पोटात घेऊन. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याला मी हातच लावला नाही.

आई बाभळीच्या सावलीत शिदोरी घेऊन बसली होती. मेकॅनिकची वाट पाहून कंटाळली तशी म्हणाली, "शकुंतला चालू असती तं आतापावतो पोचलो असतो बाप्पा." यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आमची छोटी गाडी, तिच्यातून उतरून, बोरं तोडून पुन्हा चढता येतं असं लोक म्हणत. आणि आता तिच्या वेगालाही मी मोताद झालो होतो.

कारंज्याहून मेकॅनिक मोटारसायकलवर आला. पन्नाशीचा माणूस, बोलायला कमी. तुटलेला स्टड बोटात फिरवून पाहिला. "भाऊ, हा मधातून बारीक झाला, दिसते का? तानून तानून लांबला, मंग तुटला. कोनं कसलं जी हे?" मी छाती फुगवून सांगितलं, टॉर्कनं कसलंय, माझ्यासमोर, पैसे देऊन. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

चाक कसंबसं चढवून गाडी हळूहळू त्याच्या गॅरेजवर नेली. तिथं त्यानं फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा टॉर्क पाना काढला. पुढच्या चाकाकडं गेला, तिथले नट त्या दुकानानंतर कोणी शिवलेही नव्हते. पाना ८५ वर लावला आणि ओढला. टक्. "वाजलं?" वाजलं. मग दांडा फिरवून १२० वर नेला. टक्. १५०. टक्. २०० वर नेला, त्या पान्याची मजल तिथंच संपत आलेली. टक्! आणि नट एक दोराभरही हलला नव्हता.

"आता सांगा, तुमचा नट कितीवर कसला हाय?"

मी गप्प.

"भाऊ, ह्या पान्याले फक्त येवढंच कयते, का लावलेल्या आकड्यायेवढा जोर पडला. नट आधीच दुप्पट आवयला असन तं तो वाजनच ना. गनीनं कसून मंग हा लावला का तमाशा झाला. कानानं आयकू नोका, डोयानं पाहा. वाजायच्या आंधी नट फिरला का?"

रात्री शेगावला पोचल्यावर भक्त निवासात आई झोपली आणि मी तो व्हिडिओ काढून पाहिला. सोळापैकी एकही नट फिरलेला नाही. पाना नटावर ठेवतो, टक्, उचलतो. देवळातल्या घंटेला हात लावून पुढं सरकावं, तसं.

स्टड कसा काम करतो ते मेकॅनिकनं सांगितलं आणि मला एकदम पटलं, कारण कडब्याची गाडी मी जन्मभर भरली आहे. नाडा ताणून बांधला की तो ताणच कडबा धरून ठेवतो. ढिला बांधला तर गाडी वाटेत सांडते, बैलाच्या जोरानं ओढला तर नाडाच तुटतो. नट आवळताना स्टड केसभर लांबतो आणि पुन्हा आखडू पाहतो. त्या ओढीनं रिम हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, घट्ट दाबून राहते. हद्दीबाहेर ताणला की तो मूळ लांबीवर येत नाही, त्याची ओढ मेली. म्हणजे जास्त कसलं म्हणजे जास्त मजबूत, हा आपला समज साफ उलटा. शिवाय नट कमी-जास्त कसले तर पुढच्या चाकाच्या ब्रेक डिस्कवर वाकडा दाब येतो. माझ्या पायातली थरथर त्यातलीच असावी. नट सोडून नीट कसल्यावर ती कमी झाली, पूर्ण गेली नाही.

मागच्या चाकाचा ड्रम काढून त्यानं तीन स्टड ठोकून बाहेर काढले, नवे बसवले, नटांसकट ९०० रुपये घेतले. मग बाकीची तिन्ही चाकं सोडली. दोन माणसं आणि लांब पाईप लागला, नशिबानं आणखी काही तुटलं नाही. कसताना मला शेजारी बसवून दाखवलं. हबचा आणि रिमचा गंज ब्रशनं घासला, मध्ये माती-गंज राहिला तर चार दिवसांत नट ढिले पडतात. नटाची निमुळती बाजू रिमकडं. सगळे नट आधी नुसत्या हातानं फिरवले, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. गाडी जमिनीवर टेकवून मग टॉर्क पाना. स्टडला तेल-ग्रीस नाही, कारण पुस्तिकेतला आकडा कोरड्या स्टडसाठी असतो. तेल लावलं तर त्याच आकड्याला ताण कितीतरी जास्त बसतो. प्रत्येक नट पाव-अर्धा वळसा फिरायचा आणि मग टक् वाजायचं. वाजलं की थांबला, "अजून एक खबरदारी म्हणून" पुन्हा ओढलं नाही. म्हणाला, पन्नास-शंभर किलोमीटर झाले की एकदा तपासा.

परत आल्यावर त्या दुकानात गेलो. मालकाचं एकच पालुपद: "साहेब, तुमच्या समोर वाजलं का नाही वाजलं? मशीन खोटं बोलते का?" मी म्हटलं, हाच पाना ४० वर लावा आणि त्या उभ्या गाडीच्या नटाला लावून दाखवा, तिथंही वाजतो की नाही ते पाहू. तो ऐकेना. "किती आकड्यावर लावला होता?" विचारलं तर पोरगा मालकाकडं बघायला लागला. वर मालकाचा सल्ला, की स्टड गेले म्हणजे हबही खराब झाला असेल, पूर्ण बदलून घ्या, साडेसहा हजारांत करून देतो. तिथं माझी खात्री पटली, की हा अडाणीपणा नाही.

आता दुकानात जाल तर माझ्यासारखं कौतुकानं व्हिडिओ काढत बसू नका. म्हणजे काढा, पण आधी तोंड उघडा. गन लावायचीच असेल तर नट टेकेपर्यंतच लाव म्हणावं. पान्यावर कोणता आकडा लावलाय तो दाखव म्हणावं आणि बिलावर तोच लिहून घ्यावा. संशय आला तर कुठलाही एक नट सोडायला लावून पुन्हा कसायला सांगावं. काट्यावर आपण घरचं वजन ठेवून बघतोच की नाही?

ज्यांच्याकडं टॉर्क पाना नाही, त्यांच्यासाठी मी घरी करून पाहिलेला जुगाड सांगतो. वेचणीचे पैसे किलोवर द्यायचे म्हणून कापूस मोजायचा लटकता काटा आपल्याकडं घरोघरी असतो. नटाच्या मध्यापासून बरोबर ३० सेंटीमीटरवर पान्याला काट्याचा हूक अडकवायचा आणि पान्याला काटकोनात, सावकाश ओढायचं. काट्यावर २९ किलो आले की झाले ८५ न्यूटन मीटर. वळशाचा अंदाज येतो, हाताला सवय होते. आणि याच हिशेबानं ७५ किलोचा माणूस त्या एक फुटी पान्यावर उभा राहिला तर जोर २२० च्या घरात जातो, अडीचपट. पान्यावर नाचून नट कसणारे आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. मीही त्यातलाच होतो.

पुढं मी स्वतःचा टॉर्क पाना घेतला. तो नट सोडायला वापरायचा नाही, त्याला वेगळा पाना. काम झालं की आकडा सगळ्यात खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेली राहते. भाच्याला तो ट्रॅक्टरसाठी हवा असतो, मी देत नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, बिल आणि व्हिडिओ दोन्ही जोडले, आणि तक्रारीचा नंबर मालकाच्या मोबाइलवर पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यात ४०० रुपये आले. ना फोन, ना निरोप. स्टडचे ९०० मागितलेत, त्या मेसेजला दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही.