गिंझा, बाबागाडी आणि सासूबाई

टोकियोतल्या गिंझा या महागड्या बाजारपेठेत मुलांना घेऊन जायचं असेल तर शनिवार, रविवार किंवा सुटीचा दिवस गाठा, आणि तोही दुपारी १२ नंतर. आम्ही उत्साहात सकाळी साडेदहालाच पोहोचलो आणि दीड तास गर्दीच्या फुटपाथवर बाबागाडी रेटत बसलो. बारा वाजता चुओ-दोरी हा मुख्य रस्ता गाड्यांना बंद झाला. मधोमध छत्र्या आणि खुर्च्या आल्या आणि माझा तीन वर्षांचा मुलगा हात सोडून जो पळाला, त्याला मी चक्क पळू दिलं. १९७० पासून ही पद्धत आहे. उन्हाळ्यात सहापर्यंत आणि ऑक्टोबरपासून पाचपर्यंत रस्ता मोकळा असतो. माझ्या मते गिंझातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच, आणि ती फुकट आहे.

आम्ही निशी-कासाईला राहतो. मेट्रोच्या तोझाई लाइनने निहोम्बाशी आणि तिथून गिंझा लाइन, एवढाच प्रवास. सोबत साताऱ्याहून आलेल्या सासूबाई होत्या. गिंझा या नावातच चांदी आहे, १६१२ मध्ये इथे चांदीच्या नाण्यांची टांकसाळ आली, असं मी त्यांना सांगितलं. एका काचेतल्या पर्सची किंमत रुपयांत काढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "टांकसाळ अजून चालू आहे की गं!"

ज्या दुकानाच्या दारात हातमोजे घातलेला माणूस उभा असतो, तिथे लहान पोर घेऊन शिरू नये. कुणी काही बोलत नाही, पण आपलाच जीव टांगणीला लागतो.

इतोया मात्र चुकवू नका. १९०४ पासूनचं हे वह्या-पेनांचं दुकान, बाहेर लाल पेपरक्लिपची खूण. सात वर्षांच्या लेकीने कागदांच्या मजल्यावर पाऊण तास काढला आणि शेवटी एक खोडरबर घेतलं. सासूबाईंना आवडला ११ वा मजला. तिथे काचेआड, दिव्यांखाली लेट्यूस पिकवतात. "माती नाही, ऊन नाही, मग कसली ही भाजी?" असं म्हणत त्या तिथून हलेचनात.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाने डबा न्यावा. आम्ही आधी एका कॅफेत गेलो होतो. जिना अरुंद, लिफ्ट नाही, आणि बाबागाडी खाली ठेवायलाही जागा नाही. कमरेत वाकून माफी मागितली त्यांनी, पण मुलगा झोपलेला. माफीचं काय करू? मग मित्सुकोशी या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या नवव्या मजल्यावरची गच्ची गाठली. तिथे हिरवळ आहे, बसायला बाक आहेत आणि त्याच मजल्यावर बाळांची खोली आहे: डायपर बदला, दूध पाजा, गरम पाणी घ्या. मी मेथीचे ठेपले काढले. खाली जपानातली सगळ्यात महाग जमीन आणि वर आमची लिंबाच्या लोणच्याची बरणी.

हाकुहिनकान हे खेळण्यांचं दुकान पार आठव्या चोमेत (चोमे म्हणजे भागाचे क्रमांक दिलेले तुकडे), शिंबाशीच्या टोकाला आहे. लहान पायांना ते अंतर फार, त्यामुळे तिथून सुरुवात करून चौथ्या चोमेकडे येणं बरं. आम्ही उलटं केलं. चौथ्या मजल्यावर छोट्या मोटारींची शर्यत आहे. पैसे भरा आणि पाच मिनिटं मोटार पळवा. लेकीची मोटार वळणावर दर वेळी उडत होती. मुलाला नुसतं बघत राहणं पटलं नाही. त्याने तिथे जे भोकाड पसरलं, त्याचं वर्णन नको.

परतताना घड्याळाच्या मनोऱ्याशी थांबलो. १९३२ ची ती इमारत दर तासाला टोले देते. मित्सुकोशीच्या दारातल्या ब्राँझच्या सिंहापाशी मुलगा टोले मोजत होता. त्याला तीनपर्यंतच येतं, म्हणून त्याच्या हिशोबी तेव्हा तीन वाजले होते. तोवर रस्त्यातल्या छत्र्या मिटायला लागल्या होत्या आणि सासूबाई विचारत होत्या, "पुढच्या रविवारी पण बंद असतो का गं रस्ता?"