कमरेतली सुई: पडद्याच्या अलीकडे की पलीकडे?

"मॅडम, कमरेत सुई टोचली की जन्मभर कंबर धरतीय म्हणत्यात. त्यापेक्षा पूर्ण भूल द्या की!"

कोल्हापुरात राजारामपुरीपासून गंगावेशीपर्यंत कुठल्याही दवाखान्यात भूल द्यायला गेले की हे वाक्य ऐकू येतंच. बोलणारी बहुधा सासू असते, नाहीतर थोरली जाऊ. पेशंट बिचारी गप्प. मग मी स्टूल ओढून बसते आणि औषधांची नावं बाजूला ठेवून आधी पडदे समजावते.

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पडदे असतात. सगळ्यात बाहेरची दृढतानिका, आमच्या बोलण्यात ड्युरा. नावाप्रमाणेच जाड आणि चिवट. तिच्या आतून लागून असते ती पातळ जालतानिका, आणि मज्जारज्जूला अगदी बिलगून असते ती मृदुतानिका. या शेवटच्या दोघींच्या मधे पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो, डोक्यात आणि मणक्यात मिळून साधारण १५० मिली. म्हणजे एक कपभर. डोक्यात ड्युरा कवटीला चिकटलेली असते. मणक्यात मात्र ती आणि हाड यांच्या मधे चरबी आणि शिरांनी भरलेली फट राहते. कमरेतून भूल द्यायच्या दोन पद्धती इथंच वेगळ्या होतात. सुई या फटीतच थांबली तर एपिड्युरल. पडदा पार करून द्रवात गेली तर स्पायनल. बाकीचे बहुतेक फरक इथूनच सुरू होतात.

मज्जारज्जूला सुई लागेल ही भीती मात्र आधी काढून टाका. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. आम्ही त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधून जातो. तिथं द्रवात नुसता नसांचा, म्हणजे मज्जातंतूंचा, झुबका तरंगत असतो.

स्पायनलमध्ये औषध थेट द्रवात पडतं, म्हणून थोडक्यात भागतं. सिझेरियनला बुपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध साधारण दोन मिली पुरतं. सुई २५ किंवा २७ नंबरची. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आधी पाय गरम वाटतात, मग ओंडक्यासारखे जड होतात. पाच-दहा मिनिटांत सर्जनला सुरुवात करता येते. परिणाम दोन-तीन तासांचा. पण सुई काढली की विषय संपला, वर आणखी औषध घालता येत नाही. रक्तदाब पटकन उतरतो, मळमळतं, अंगाला कापरं भरतं. त्यावर औषधं आमच्या ट्रेमध्ये भरून तयारच असतात.

एपिड्युरलची सुई जाड, १६ किंवा १८ नंबरची, टोकाला किंचित वाकलेली. तिच्या मागे सलाईनची सिरिंज लावून अंगठ्यानं दाब देत मिलिमीटर-मिलिमीटरनं पुढं जायचं. मणक्यांच्या कमानींमधल्या पिवळ्या बंधात सुई असते तोवर पिस्टन ढिम्म हलत नाही. बंध संपला की तो एकदम सैल पडतो आणि सलाईन आपोआप आत जातं. तिथंच थांबायचं, काही मिलिमीटरवर ड्युरा आहे. मग सुईतून केसासारखी नळी आत सोडायची आणि सुई काढून घ्यायची. औषधाला पडद्यातून आणि नसांच्या वेष्टणातून झिरपत जावं लागतं, म्हणून ते जास्त लागतं आणि वेळही खातं. ऑपरेशनला १५-२० मिली आणि तितकीच मिनिटं. पण नळी जागेवर असेपर्यंत डोस देत राहता येतो, रात्रभर, गरज पडली तर दोन-तीन दिवस.

म्हणून ठरलेल्या सिझेरियनला मी सरळ स्पायनल सुचवते. कळा सोसायच्या असतील तर एपिड्युरलला तोड नाही: पातळ औषधात कळ बोथट होते, पाय बऱ्यापैकी हलतात, आणि सिझेरियनची वेळ आलीच तर त्याच नळीतून औषध वाढवता येतं. एपिड्युरलमुळे सिझेरियन वाढतात हा समज खरा नाही. शेवटचा जोर देण्याचा टप्पा थोडा लांबू शकतो, एवढं मात्र आधीच सांगते.

आता डोकेदुखी. स्पायनलची सुरुवात करणाऱ्या ऑगस्ट बिअर या जर्मन सर्जननं १८९८ साली स्वतःवरही प्रयोग करून घेतला. सिरिंज सुईला नीट बसेना, द्रव गळून गेला आणि पुढं कित्येक दिवस गडी आडवा. कारण पडद्याचं भोक. त्यातून द्रव पाझरत राहतो, आणि उठून बसलं की डोकं ठणकतं. आडवं झालं की थांबतं. आजच्या बारीक, पेन्सिलच्या टोकासारख्या स्पायनल सुईनं हे शंभरात एखादीला होतं. गंमत अशी, की पडदा भेदायचाच नाही ठरवलेल्या एपिड्युरलमध्ये चुकून भोक पडलं, तर त्रास मोठा. असं शंभरात एखाद्या वेळी होतं, पण सुई जाड असल्यानं त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं डोकं धरतं.

माझ्या हातून हे झालंय. पिस्टन सैल पडला आणि सुईतून स्वच्छ पाणी टपटपलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी बाळाला पाजायला उठून बसली की डोळे मिटून परत आडवी व्हायची. गोळ्या झाल्या, सलाईन झालं, नवरा थर्मासमधून कडक कॉफी आणत राहिला. तिसऱ्या दिवशी तिच्याच हातातलं वीसेक मिली रक्त काढून त्याच फटीत सोडलं. रक्त गोठतं आणि भोकावर ठिगळ बसतं. तासाभरानं ती मांडी घालून बसली आणि आधी उप्पीट मागितलं.

कंबरदुखीचं काय? सुईच्या जागी चार दिवस दुखेल. वर्षानुवर्षं दुखणारी कंबर मात्र या सुईमुळे होते असं अभ्यासात दिसलेलं नाही. गरोदरपणात सैल झालेले सांधे आणि नंतर वाकून पाजणं, उचलणं यांचा वाटा त्यात मोठा आहे.

बाळंतपण सोडून घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणाल, तर गुडघ्याच्या सांधेरोपणाला बहुतेकदा स्पायनल पुरतं. नंतरच्या दुखण्यासाठी हल्ली मांडीतल्या नसेजवळ सोनोग्राफीत बघून औषध देतात, म्हणजे लवकर चालवता येतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. क्लोपिडोग्रेल पाच-सात दिवस आधी थांबवावी लागते, पण ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच, स्वतःच्या मनानं नव्हे. प्लेटलेट फार कमी असतील किंवा सुईच्या जागी जंतुसंसर्ग असेल, तर दोन्ही सुया बाद आणि पूर्ण भूलच बरी. नाहीतर सिझेरियनला ती मी शेवटी ठेवते: गरोदर बाईला पोटातलं वर येऊन फुप्फुसात जायची भीती जास्त, आणि बाळाचं पहिलं रडणंही ऐकायला मिळत नाही.

राहिला खर्च. एपिड्युरलचा किट महाग, पण खरा खर्च माणसाचा. आमच्यातले बरेच जण दिवसभर या दवाखान्यातून त्या दवाखान्यात पळत असतात. स्पायनल देऊन, ऑपरेशन संपवून पुढं जाता येतं. नळी घातल्यावर कुणीतरी थांबावंच लागतं.

परवा सातव्या महिन्यातल्या एका मुलीनं हे सगळं ऐकून घेतलं. सासूबाई अजून कमरेवरच होत्या. तिनं विचारलं, "रात्री दोन वाजता कळा आल्या तर नळीत औषध कोण घालणार?" मी खरं तेच सांगितलं, त्या दवाखान्यात रात्री मुक्कामाला भूलतज्ज्ञ नसतो. पुढच्या आठवड्यात तिनं दुसरीकडं नाव घातलं.