सोनी एक्स८००एमटू की पॅनासॉनिक यूबी८२०? आधी पडदा बघा

फोर-के ब्लू-रे डिस्क लावायचा प्लेअर घ्यायचाय? घरात प्रोजेक्टर असेल तर पॅनासॉनिक डीपी-यूबी८२० घ्या. कपाटात एसएसीडी, म्हणजे साध्या सीडीहून सरस आवाजाच्या डिस्क असतील तर सोनी यूबीपी-एक्स८००एमटू. घाईत असणाऱ्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. ज्यांच्याकडे माझ्यासारखं दोन्ही आहे, त्यांनी पुढे वाचावं.

दोन्ही प्लेअर भाच्याने ब्रिस्टलहून आणले, एक आमच्यासाठी, एक दादासाठी. कुठला कुणाचा हे ठरलं नव्हतं, म्हणून दिवाळीत दोन्ही आमच्याकडेच, एकाच ॲम्प्लिफायरला जोडून ठेवले. ब्रिटनमधली यंत्रं आपल्याच व्होल्टेजवर चालतात, फक्त पिनेचं बघावं लागलं. अमेरिकेतून मागवणार असाल तर मागच्या बाजूला काय छापलंय ते वाचल्याशिवाय प्लग लावू नका, तिकडचा पॅनासॉनिक १२० व्होल्टचा असतो. रीजनचंही, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल याचंही लक्षात ठेवा. फोर-के डिस्कना रीजन कोड नसतो, त्या कुठूनही आणा. पण साध्या ब्लू-रेसाठी ब्रिटन ‘बी’मध्ये आणि भारत ‘सी’मध्ये येतो. ज्या डिस्कच्या पाठीवर ए, बी, सी तिन्ही छापलेले असतात, त्यांची काळजी नाही.

दिसायला सोनी उजवा. वजन ३.८ किलो, पत्रा जाड, हाताला भरीव लागतो. पॅनासॉनिक २.४ किलोचा. आमच्या ह्यांनी दोन्ही उचलून बघितले आणि तिथेच सोनीच्या बाजूने निकाल दिला. मात्र सोनीला पुढे डिस्प्लेच नाही. सिनेमा किती झाला हे बघायचं तर पडद्यावर माहिती आणावी लागते.

आता मुख्य गोष्ट. फोर-के डिस्कवरचा एचडीआर सिनेमा, म्हणजे उजेड-काळोखातला फरक जास्त दाखवणारा, १००० निट्स (उजेडाचं माप), कधी ४००० निट्सपर्यंतच्या उजेडासाठी तयार केलेला असतो. घरगुती प्रोजेक्टरचा पडद्यावर पडणारा उजेड त्याच्या जवळपासही जात नाही. मग हा सगळा उजेड आपल्या पडद्याच्या आवाक्यात कुणीतरी बसवावा लागतो, नाहीतर ढग पांढरेफटक होतात किंवा सगळं चित्र काळवंडतं. महागडे प्रोजेक्टर हे काम स्वतः नीट करतात. आमचा मध्यम किमतीचा आहे, तो करत नाही.

पॅनासॉनिकमध्ये यासाठी एचडीआर ऑप्टिमायझर आहे. मेनूत जाऊन आपल्याकडे ओएलईडी आहे, एलसीडी आहे की प्रोजेक्टर, ते एकदा सांगायचं. मग तो त्या बेताने उजेड आवरून चित्र पुढे पाठवतो. भर उन्हातल्या वाळवंटाचा एक प्रसंग मी दोन्हीवर लावला. सोनीवर आकाश म्हणजे नुसता पांढरा पट्टा. पॅनासॉनिकवर त्याच आकाशात विरळ ढग होते आणि खाली माणसांचे चेहरेही ओळखू येत होते. वजनावरून निकाल देणारे गृहस्थ गप्प झाले. सोनी एचडीआरचं साध्या चित्रात रूपांतर करून देऊ शकतो, त्याने काळोख कमी होतो, पण रंगांतली जान जाते.

पॅनासॉनिकमध्ये सबटायटल वर-खाली सरकवता येतात आणि त्यांचा उजेडही कमी करता येतो. अंधाऱ्या खोलीत पांढरीशुभ्र अक्षरं डोळ्यात घुसतात, त्यामुळे ही सोय मला फार आवडली. आमचा पडदा सिनेमास्कोपच्या आकाराचा, खालच्या काळ्या पट्टीतली अक्षरं पूर्वी भिंतीवर पडायची.

टीव्हीवाल्यांचा हिशेब वेगळा. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०प्लस हे एचडीआरचेच दोन सुधारित प्रकार. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसतं, एचडीआर१०प्लस असतं. एलजीचं बरोबर उलट. पॅनासॉनिक दोन्ही देतो आणि डिस्क बघून आपलं आपण ठरवतो. सोनीला एचडीआर१०प्लस नाही. डॉल्बी व्हिजन आहे, पण ते मेनूत जाऊन हाताने चालू-बंद करायचं. त्यामुळे डिस्कच्या खोक्यावर डॉल्बीचं चिन्ह आहे का हे आधी बघायचं, मग मेनू. इतक्या मोठ्या कंपनीला हे सुचू नये याचं आश्चर्य वाटतं.

आवाजाबद्दल लोक फार बोलतात. एचडीएमआयने जोडलंत आणि डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा सराउंड आवाज, उलगडायचं काम ॲम्प्लिफायरवर सोडलंत, तर मला दोन्हींत काडीचा फरक ऐकू आला नाही. यायचं कारणही नाही, दोन्ही तोच डेटा पुढे पाठवतात. दोन्हींना दोन एचडीएमआय आहेत, एक चित्रासाठी, दुसरी फक्त आवाजासाठी. आमचा ॲम्प्लिफायर फोर-केच्या आधीचा, पण चित्र थेट प्रोजेक्टरला दिल्यामुळे तो बदलावा लागला नाही. त्याहून जुना, एचडीएमआयच नसलेला असेल तर पॅनासॉनिकच, कारण त्याच्या पाठीला ७.१ (सात स्पीकर आणि एक सबवूफर) ॲनालॉग जोडण्या आहेत. सोनीला ॲनालॉग एकही नाही.

सोनीची बाजू एकाच ठिकाणी भक्कम, पण तिथे मला खरंच वाईट वाटलं. तो एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ (संगीतासाठीच्या डीव्हीडी) दोन्ही वाजवतो, पॅनासॉनिक दोन्ही नाही. माझ्याकडे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या काही एसएसीडी आहेत, त्यांतल्या बऱ्याच पाच स्पीकरांसाठी ध्वनिमुद्रित केलेल्या. हायब्रिड डिस्क पॅनासॉनिकमध्ये घातली तर तो तिच्यावरचा साध्या सीडीचा थर वाचतो. गाणं ऐकू येतं, पण मागचे स्पीकर मुके. किमतीतही सोनी सहसा स्वस्त पडतो.

नेटवर सगळं मिळत असताना डिस्क कशाला, असं भाचा विचारत होता. फोर-के डिस्क सेकंदाला १०० मेगाबिटच्याही वर जाऊ शकते, ओटीटीचं फोर-के साधारण १५ ते २५ मध्ये भागवतं. धूर, पाऊस, अंधारातली भिंत अशा ठिकाणी हा फरक आमच्या पडद्यावर सरळ दिसतो. आणि निवड आटत चालली आहे. ऑप्पोने २०१८ मध्ये प्लेअरमधून गाशा गुंडाळला, सॅमसंग २०१९ मध्ये बाहेर पडलं, एलजीनेही थांबवलं. घ्यायचा असेल तर फार वाट बघण्यात अर्थ नाही.

कुठलाही घ्या, पहिल्याच दिवशी एक सेटिंग बदला. सोनीत त्याला ‘बीडी ऑडिओ मिक्स’ म्हणतात, पॅनासॉनिकमध्ये ‘सेकंडरी ऑडिओ’. ते बंद करा, नाहीतर ॲम्प्लिफायरवर ॲटमॉसची अक्षरं काही उमटत नाहीत.

दादाकडे एलजीचा ओएलईडी आहे, त्याला एचडीआर१०प्लसचा उपयोग नाही, म्हणून सोनी त्याच्याकडे गेला. डॉल्बी व्हिजनचं चालू-बंद वहिनी बघते, दादाला तेवढा धीर नाही. माझ्या एसएसीडीही सोनीबरोबर सिंहगड रस्त्याला गेल्या, आणि वहिनी त्या अजून एकदाही न लावता नुसत्या पुसून ठेवते.