व्हर्जिनियातील तीन बर्फघरे : एकच दिवस असेल तर कोणते पाहावे?

यंत्रे येण्यापूर्वी हिवाळ्यातला बर्फ भर उन्हाळ्यापर्यंत कसा टिकवत, हे जागेवर जाऊन समजून घ्यायचे असेल तर व्हर्जिनियात अमेरिकेच्या तीन राष्ट्राध्यक्षांच्या जमीनदारी वास्तू आहेत : जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन, जेम्स मॅडिसन यांचे माँटपेलियर आणि थॉमस जेफरसन यांचे माँटिसेलो.

माउंट व्हर्नन अमेरिकेच्या राजधानीपासून, वॉशिंग्टन शहरापासून, सर्वांत जवळ आहे आणि त्याची कथा सर्वांत बोधक आहे. १७८४ च्या जूनमध्येच साठा संपल्यावर वॉशिंग्टन यांनी फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट मॉरिस यांच्याकडून त्यांच्या बर्फघराचे वर्णन मागवले. मॉरिस यांचे बर्फघर १८ फूट खोल व १६ फूट चौरस होते. वितळलेले पाणी तळाच्या खडीत झिरपून जाई, दार उत्तरेला होते आणि बर्फ बारीक फोडून ठासून भरत. एका वर्षी मॉरिस यांनी बर्फाऐवजी भुसभुशीत हिम भरून पाहिले, ते जूनमध्येच गेले. पुढे ५ जून १७८५ रोजी वॉशिंग्टन यांनी बर्फ साठवलेली तळघरातली विहीर उघडली तेव्हा तिच्यात बर्फाचा कणही उरला नव्हता, तर ‘कोरडी विहीर’ म्हणत त्या दुसऱ्या जागी भरपूर साठा निघाला. जागेची निवड किती निर्णायक ठरते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

माँटपेलियरचे बर्फघर दिसायला सर्वांत देखणे : सुमारे १८११ मध्ये सुमारे २४ फूट खोल खड्ड्यावर दहा खांबांचा घुमटाकार मंडप उभारला गेला. मात्र लक्ष मंडपातच गुंतते.

माझी पसंती माँटिसेलोला आहे. उत्तरेकडील गच्चीखालचे, १६ फूट व्यासाचे हे दंडगोल बर्फघर १८०२ मध्ये बांधले गेले, आणि ते भरण्याचा हिशेब जेफरसन यांनी स्वतः लिहून ठेवला : १८०३ मध्ये ६२ गाड्या बर्फ, भिंतीलगत चहूबाजूंनी एक फूट जाडीचा लाकडाच्या छिलक्यांचा थर, खर्च ७० डॉलर. १८१५ मध्ये बर्फ ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पुरला. त्या गाड्या नदीवरून डोंगरावर चढवण्याचे कष्ट गुलाम माणसांनी उपसले, हे तेथे उभे राहून आठवलेच पाहिजे.

अर्धाच दिवस हाताशी असेल तर माउंट व्हर्नन पुरेसे आहे. पूर्ण दिवस आणि गाडी असेल तर माँटिसेलो गाठावे, आणि जाताना किंवा परतताना माँटपेलियरकडे वळावे.