डिश सूर्यचूल: मांद्र्यातील पाच वर्षांच्या वापरानंतर

सूर्यचुलीचा नवा, लखलखीत आरसा पाहून पहिल्याच आठवड्यात दिलेल्या अभिप्रायावर माझा विश्वास नाही. म्हणूनच मांद्र्यातील आमच्या अंगणात पाच वर्षे वापरलेल्या, १.४ मीटर व्यासाच्या डिश सूर्यचुलीविषयी मी आता लिहीत आहे.

दर फेब्रुवारीत, आकाश निरभ्र असताना, भर दुपारी त्याच काळ्या पातेल्यात दोन लिटर पाणी झाकून ठेवायचे आणि उकळी फुटेपर्यंतचा वेळ मोजायचा, असा नेम मी ठेवला. पहिल्या वर्षी २० मिनिटे लागली, दुसऱ्या वर्षी २२, तर चौथ्या वर्षी २९. खारा वारा आणि तांबड्या मातीची धूळ यांचा थर रात्रीच्या दवाने अॅल्युमिनियमच्या पत्र्यांवर घट्ट बसतो, आणि मी तो काथ्याने घासून काढत असल्यामुळे पत्र्यांवर बारीक चरे पडले. मऊ फडके आणि साधे पाणी एवढेच वापरावे, ही सूचना माहितीपत्रकात असायलाच हवी होती. पत्रे बदलल्यावर यंदा वेळ पुन्हा २१ मिनिटांवर आला, म्हणजे दोष आरशाचाच होता. सांगाडा आजही भक्कम आहे.

उकड्या तांदळाची पेज या चुलीवर उत्तम होते, मात्र दर १५ ते २० मिनिटांनी डिश सूर्याकडे वळवावी लागते. जून ते सप्टेंबर ती पडवीत पडून असते, कारण डिश फक्त थेट येणारे किरण एकवटू शकते. ढगांतून विखुरलेल्या उजेडावर सौर पॅनेल थोडीफार वीज देते, डिश काहीच देत नाही.

डिशवर उष्णतेने चालणारे इंजिन बसवून वीज निर्माण करणाऱ्या मोठ्या यंत्रणांनाही दीर्घ वापराचा हाच निकष लावायला हवा, असे मला मनापासून वाटते. न्यू मेक्सिकोतील सँडिया प्रयोगशाळेत ३१ जानेवारी २००८ रोजी अशा एका यंत्रणेने ३१.२५ टक्के कार्यक्षमता गाठली. पण तो थंड, स्वच्छ दिवसाचा आकडा होता, आणि मळणारे आरसे किंवा इंजिन चालवण्यासाठी त्यात भरलेला, पण हळूहळू झिरपून जाणारा हायड्रोजन वायू यांचा हिशेब वर्षभराच्या नोंदींतूनच लागतो.

गॅसची बचत खरी आहे, त्यामुळे मोकळे अंगण असलेल्यांनी ही चूल जरूर घ्यावी. फक्त सुटे पत्रे किती दिवसांत मिळतील, हे विक्रेत्याकडून आधी लिहून घ्यावे. मला त्यासाठी साडेतीन महिने थांबावे लागले आणि त्या वर्षीचा अर्धा उन्हाळा हातचा गेला.