यूएनची लोकसंख्येची साईट: जरूर वापरा, पण त्यात हवामान शोधू नका

बारावीच्या भूगोलात लोकसंख्येचे दोन धडे आहेत, ते शिकवताना मी संयुक्त राष्ट्रांची वर्ल्ड पॉप्युलेशन प्रॉस्पेक्ट्स ही साईट वर्गात प्रोजेक्टरवर लावतो, म्हणून म्हटलं एकदा नीट रिव्ह्यू लिहावा. पूर्ण फुकट आहे, २३७ देश आणि प्रदेशांचे १९५० पासूनचे आकडे आणि पुढे २१०० पर्यंतचा अंदाज, सगळं एक्सेलमध्ये उतरवून घेता येतं. सध्याची आवृत्ती ११ जुलै २०२४ ची, म्हणजे जागतिक लोकसंख्या दिनाची.

पोरांना सगळ्यात आधी धक्का बसतो तो हा की जग वाढतच राहणार नाहीये. २०२४ ला ८२० कोटी, २०८० च्या दशकाच्या मध्यावर साधारण १०३० कोटी आणि मग हळूहळू उतार. चीन आज १४२ कोटी आहे तो २१०० ला ६३ कोटींच्या आसपास येईल असा अंदाज आहे, आपण १४५ वरून १७० कोटींच्या जवळ जाऊन २०६० च्या दशकात खाली वळणार. आणि ग्राफवर नुसती एक रेघ नसते, वर-खाली शक्यतेचा पट्टा दाखवलेला असतो, ही गोष्ट मला फार आवडते, कारण अंदाज हा अंदाज म्हणूनच दाखवलाय, भविष्यवाणी म्हणून नाही.

आता खरी भारी गोष्ट सांगतो, डाउनलोडच्या भागात "झिरो मायग्रेशन" नावाचा पर्याय आहे तो उघडाच. म्हणजे उद्यापासून कोणी देशच बदलला नाही तर काय होईल. भारताची रेघ फारशी हलत नाही, पण जर्मनी लावा, कॅनडा लावा, ऑस्ट्रेलिया लावा, रेघ बरीच खाली येते. कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या वाढीचं मुख्य कारण पुढे स्थलांतरच असणार आहे, आणि हे वाक्य दहा वेळा सांगून जे डोक्यात जात नाही ते दोन रेघा शेजारी ठेवल्या की जातं.

आता कमतरता. या साईटवर जन्मदर, मृत्यूदर, स्थलांतर सगळं आहे, पण हवामान बदल वेगळा धरलेलाच नाही. मागच्या आकड्यांत जेवढा उमटलाय तेवढाच पुढे जातो. तापमान अमुक वाढलं तर किती लोक विस्थापित होतील असा पर्यायच नाही. बांगलादेशातलं खारं पाणी, आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यातला दुष्काळ, पाकिस्तानात २०२२ ला आलेला पूर, त्या एका पुरात ८० लाखांच्या आसपास विस्थापनं झाली, आणि त्यातली बहुतेक माणसं पाकिस्तानातच राहिली. म्हणजे देशाच्या एकूण आकड्यात काहीच दिसत नाही! जागतिक बँकेने २०२१ मध्ये अंदाज दिला होता की २०५० पर्यंत सहा प्रदेशांत मिळून २१.६ कोटींपर्यंत लोकांना आपापल्या देशातच जागा बदलावी लागू शकते, त्यातले ४ कोटी दक्षिण आशियात, आणि वेळेत पावलं उचलली तर हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. हे सगळं सीमेच्या आत घडतं आणि ही साईट देशाच्या सीमेवर थांबते.

आपल्याकडचंच घ्या ना. बीडची टोळी मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे साताऱ्या-कोल्हापूरकडे, कर्नाटकात ऊस तोडायला जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. याला एकटा दुष्काळ जबाबदार नाही, कर्ज आहे, सिंचन नाही, गावात काम नाही, पण पाऊस जास्तच बेभरवशाचा झाला की कोयता हातात घेणारी घरं वाढतात. मला हे मनापासून लागतं, कारण त्या घरातली पोरं शाळेच्या ऐन मोसमात फडावर असतात, आणि जगाच्या कुठल्याच ग्राफमध्ये ती हललेली दिसत नाहीत.

म्हणून ही साईट एकटी वापरू नका, सोबत आयडीएमसी या विस्थापनाची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंतर्गत विस्थापनाचा डेटाबेस उघडा, तोही फुकट आहे. २०२४ मध्ये आपत्तींमुळे ४.५८ कोटी विस्थापनं नोंदवलीत. फक्त एक लक्षात ठेवा, ही माणसांची नाही तर हलण्याची मोजणी आहे, एकच कुटुंब वर्षात दोनदा हललं तर दोनदा धरलं जातं, आणि पूर-वादळ जसं चटकन मोजता येतं तसा दुष्काळ येत नाही.

अजून एक, यूएनच्या साईटवर तुवालू जरूर उघडून बघा. पॅसिफिक महासागरातला दहा हजाराच्या आसपास वस्तीचा देश, समुद्र चढतोय, आणि ऑस्ट्रेलियासोबतच्या करारानुसार दरवर्षी जास्तीत जास्त २८० जणांना तिकडे कायमचं राहता येणार, करार २०२४ ला लागू झाला. इतक्या छोट्या देशात २८० म्हणजे किती ते पोरांना स्वतः भागून बघू द्या.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा हवामानाचा आणि देशांतर्गत हलचालीचा कापला. शिक्षक, स्पर्धा परीक्षावाले, पत्रकार सगळ्यांनी वापरावी, साईट इंग्रजीत आहे पण आकड्यांना भाषा फार लागत नाही. जिल्ह्यांचे ताजे आकडे हवे असतील तर मात्र २०२७ च्या जनगणनेची वाट बघावी लागेल, कारण आपल्याकडे शेवटची मोजणी २०११ ची आहे.